लाकडातून पाणी मोजून काय मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक असोत की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले दुकानदार, प्रश्न एकच: लाकडातून पाणी किती जातं हे मोजून मिळतं काय?

मिळतं. आंब्याच्या फळीला कीड लागू नये म्हणून औषध पाजायचं, तर ते आत कुठवर शिरेल हे त्यावरच ठरतं. सागाच्या गाभ्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या बऱ्याच नळ्या झाड उभं असतानाच शेजारच्या पेशींचे फुगे आत येऊन बुजतात. तिथे दाब देऊनही औषध फारसं शिरत नाही. एकाच लाकडात नळ्यांच्या दिशेने उभं मोजलं आणि त्यांना आडवं मोजलं तर हजारो पटींचा फरक पडू शकतो.

पण हा प्रश्न मला लागतो, कारण सात महिने मी चुकीचंच मोजत होते.

आंब्याच्या तुकड्यातून सुरुवातीला पाणी भरभर यायचं, तासाभरात निम्म्यावर. दाब तोच, तुकडा तोच. डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये वाळूवरच्या प्रयोगांतून मांडलेल्या नियमाप्रमाणे प्रवाह टिकायला हवा होता. मी वहीत लिहिलं, ‘लाकूड फुगतंय, वाट अरुंद होतेय.’ खरं तर तुकडे आठवडाभर पाण्यात बुडवलेले, फुगायचे तेवढे फुगून झालेले. हे मला दिसत नव्हतं? दिसत होतं. सेमिनारमध्ये तेच सांगितलं, कुणी हरकतही घेतली नाही.

मग एकदा प्रयोगशाळेतले काका म्हणाले, “मॅडम, हे पाणी नळाचंच ना? सकाळी भरलेल्या बाटलीला आतून बुडबुडे धरलेत बघा.”

पाणी उकळलं, झाकून गार केलं, गाळलं. तीन तास प्रवाह जवळपास हलला नाही. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडून नळ्यांत अडकत होती. मोजपात्र हातात धरून मी स्टुलावर बसून राहिले.

घाई होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. घाई कसली? उत्तर मला आवडलं होतं. पण संशोधनाच्या पहिल्या वर्षाला होते, शिकवणारं कुणी शेजारी नव्हतं, हेही खरंच.

त्या महिन्यांतली पहिल्या पाच मिनिटांची रीडिंग मी ठेवली आहेत. कधी वाटतं, तेवढी तरी खरी धरावीत. पण तेवढ्यात किती नळ्या बुजल्या होत्या? आंब्याचे नवे तुकडे कालच भिजत घातलेत.