दिवा पांढरा रंगवला की विझतो

सोमवार, रात्र

पाऊस थांबून अर्धा तास झाला. रानडे रोडवरची दुकानं शटर ओढायला लागलीत, रस्ता अजून ओला आहे. तैलरंगात दादरची रात्र धरायची तर हीच वेळ.

कॅनव्हास पांढरा ठेवू नये. टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आदल्या दिवशीच फासून चिंधीने पुसून घ्यावा. पांढऱ्यावर प्रत्येक गडद रंग आहे त्याहून काळा वाटतो आणि हात आखडतो. ट्यूबमधला काळा तर नकोच. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर साधारण निम्मे निम्मे घेतले की हवा तसा काळोख मिळतो. दिव्याजवळ अंबर वाढवायचा, आकाशाकडे निळा.

खरी फसगत दिव्यापाशी होते. दिवा झगझगीत दिसतो म्हणून टायटेनियम व्हाइटचा ठिपका ठेवला जातो, आणि तिथे नुसता खडू दिसतो. उजेड जाणवतो तो भोवतीच्या वलयामुळे. काळोख ओला असतानाच तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि कॅडमियम ऑरेंजचं पातळ वलय कोरड्या ब्रशने बाहेर विरवत न्यावं. मग मधोमध, पॅलेट नाइफच्या (रंगाच्या बोथट सुरीच्या) टोकाने, पांढऱ्यात कणभर लेमन यलो मिसळलेला जाड ठिपका. एकच. पुन्हा ब्रश फिरला की खालचा अंबर वर येतो आणि दिवा मळतो.

जुन्या फोटोंवरून रंग उचलू नयेत. सोडियमच्या नारिंगी दिव्याखाली बेस्टची लाल बस तपकिरीकडे झुकायची. पांढऱ्या एलईडीखाली ती लालच राहते, वलय मात्र लहान आणि थंड होतं.

प्रतिबिंब दिव्याच्या बरोबर खाली, सरळ उभं ओढायचं, दिव्याहून एक छटा गडद. त्यावर स्वच्छ सपाट ब्रश एकदाच आडवा.

घरी पिवळ्या बल्बखाली रंगवलं तर पॅलेटवरचा पिवळा पांढराच वाटतो आणि सकाळी चित्र हळदीत बुडालेलं निघतं. ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे ना फार पिवळा ना फार निळसर, दिवा बरा, आणि तो कॅनव्हास व पॅलेट दोन्हींवर सारखा पडला पाहिजे.

अंबर लवकर सुकतो, कॅडमियम मागे राहतं. पावसाळ्यात तर घाई नकोच. सुकल्यावर काळोख राखट दिसला तर वर आणखी गडद थर चढवू नये. वरचं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून सुती कापडाने अगदी हलका हात फिरवावा, उरलेलं लगेच टिपून घ्यावं. बुजलेला निळा परत वर येतो.