ब्लार्नीला जाताय? दगडावरच थांबू नका

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून 215 नंबरची बस पकडली की साधारण अर्ध्या तासात ब्लार्नी येतं. गाव एवढंसं: मधे हिरवळीचा चौक, आजूबाजूला पब आणि लोकरी कपड्यांचं भलंमोठं दुकान. किल्ल्याचं फाटक तिथून चालत जाण्याइतकं जवळ.

आत शिरलात की फोटोबिटो नंतर, आधी तडक किल्ला गाठा. मॅकार्थी सरदारांचा हा 1446चा किल्ला आता नुसत्या भिंतींचा उरलाय आणि ‘ब्लार्नी स्टोन’ हा प्रसिद्ध दगड आहे पार माथ्यावर. गोल जिना इतका अरुंद की पाठीवरची सॅक भिंतीला घासते. वर चढायला लागलात की मागे फिरायची सोय नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालीच थांबावं. दहानंतर सहलींच्या बस येऊ लागतात आणि रांग जिन्यातच तुंबते, म्हणून सकाळी दार उघडतानाच पोचलेलं बरं.

दगडाचं चुंबन घेतलं की वाक्चातुर्य मिळतं, असं म्हणतात. कथा अशी, की कोर्टकज्ज्यात अडकलेल्या कॉर्मक मॅकार्थीला क्लिओना देवीने सांगितलं, वाटेत पहिला दिसेल तो दगड चुंब. त्याने चुंबला, कोर्टात बोलून बाजी मारली आणि दगड किल्ल्यात बसवला. प्रत्यक्षात काय करावं लागतं? खिसे रिकामे करायचे, चष्मा काढायचा, उताणं पडायचं, दोन लोखंडी दांडे धरायचे आणि डोकं मागे, फटीत खाली सोडायचं. जमीन 85 फूट खाली. कर्मचारी कमरेला धरून असतो, फटीखाली गजही आहेत, तरी पोटात गोळा येतोच. त्याच क्षणी कॅमेरा क्लिक होतो. फोटो खाली विकत मिळतो. घ्यायलाच हवा असं काही नाही.

बहुतेक लोक इथूनच परततात. खरी मजा तर पुढे आहे! किल्ल्याला लागूनच विषारी वनस्पतींची बाग आहे. आपल्याकडे ओसाड गावी बळी ठरणारा एरंड इथे चक्क धोक्याची पाटी लावून ऐटीत उभा. काही झाडं तर पिंजऱ्यात. मुलांचे हात धरून ठेवा.

त्यापुढचं रॉक क्लोज, म्हणजे खडकांमधली बाग, मला सगळ्यात आवडलं. शेवाळलेले खडक, यू वृक्षांची काळोखी, पाण्याचा आवाज. इथल्या पायऱ्या डोळे मिटून, उलट्या पावली उतरायच्या आणि तशाच चढायच्या. मनात इच्छेखेरीज दुसरं काही आणायचं नाही. चेटकीण इथलं सरपण वापरते, त्याच्या बदल्यात तिला लोकांच्या इच्छा पुऱ्या कराव्या लागतात म्हणे. व्यवहार चोख! पायऱ्या ओल्या नि निसरड्या असतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घाला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

बागांसाठी निदान तीन तास हाताशी ठेवा. तिकीट ऑनलाइन काढा.

आणि व्हिसाचं: आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) नाही. भारतीय पासपोर्टवरच्या ब्रिटिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल आणि तुम्ही आधी ब्रिटनमध्ये उतरणार असाल, तर तोच चालतो. नसेल तर आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याला वेळ लागतो.