मुळशीचं पाणी, रेवदंड्याची खाडी आणि साबुदाण्याएवढा बुडबुडा

भाचा एमएस्सी करतोय, रेवदंड्याच्या खाडीचं पाणी हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतं यावर प्रोजेक्ट घेतलाय आणि साहेबांकडे गाडी नाही. म्हणून मी. पहाटे साडेचारला कोथरूड सोडायचं, मुळशीवरून ताम्हिणी उतरायचा, मग रोहा आणि तिथून कुंडलिका नदीच्या कडेकडेनं खाली खाडीपर्यंत. एकदा ऑगस्टमध्ये गेलो, एकदा नोव्हेंबरात.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कांदळवनं किती कार्बन शोषतात याचा फॉरवर्ड सारखा फिरत असतो, मी पण तेच धरून बसलेलो. भाचा म्हणाला, मामा, झाड घेतं ते खरंय, पण खालचं पाणी काय करतं ते विचार ना.

तर पाणी उलट सोडतं. तिवराची, चिपीची पानं चिखलात पडून कुजतात, कुजवणारे जीवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि ओहोटी लागली की चिखलातलं, खेकड्यांच्या बिळांतलं ते पाणी झिरपून खाडीत येतं. पाण्यात गॅस हवेपेक्षा जास्त झाला की तो वर निसटणारच, बूच काढलेल्या सोड्यासारखा. किती निसटेल ते पाण्यातल्या आणि हवेतल्या फरकावर (हवेत सध्या साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२०) आणि वाऱ्यावर ठरतं.

ऑगस्टमध्ये पाणी अक्षरशः चहासारखं होतं, हात घातला तर बोटं दिसेनात. एवढ्या गढुळात उजेडच आत जात नाही, मग प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, काय खाक गॅस ओढून घेणार, आणि वरून नदी डोंगरातली माती, पालापाचोळा आणतच असते. त्यात गोड्या पाण्यात बायकार्बोनेट कमी, त्यामुळे पीएच पटकन पडतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं आणि गॅस आणखी वाढतो. गोदावरीच्या मुखाशी पुराच्या दिवसांत ३०,००० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या (पाण्यातल्या गॅसच्या दाबाचं एकक, ढोबळमानानं हवेतल्या पीपीएमशी ताडता येतं) वर आकडा मिळालाय! नोव्हेंबरात पाणी निवळतं, पावसानं आणलेली खतं शिल्लक असतात, प्लवकं जोरात वाढतात आणि पाण्यातला गॅस ओढून घेतात. आणि सुंदरबनात हुगळी नदीच्या मुखाच्या मानानं शेजारची मातला नदी गॅस खूपच कमी सोडते, हुगळीत नदीचं पाणी येतं आणि मातला कांदळवनातून समुद्राचं खारं पाणी खेळवते म्हणून. म्हणजे नुसतं कांदळवन बघून काही ठरत नाही, बाटली कुठल्या महिन्यात आणि कुठल्या पाण्यात बुडवली ते बघायला लागतं.

बाटलीवरून आठवलं. काचेची बाटली, नळी तळापर्यंत घालून भरायची, वरून भरपूर ओतू द्यायची, मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे म्हणजे आतले जीवाणू मरतात आणि पाणी आहे तसंच राहतं, मग बूच. मी बूच लावून ऐटीत उजेडात धरली तर भाचा ओरडला, "मामा, बुडबुडा!" साबुदाण्याएवढा. त्या एवढ्याशा हवेत पाण्यातला गॅस जातो म्हणे, सॅम्पल वाया. ओहोटी चुकली, पुढचीसाठी जेट्टीवर बारा तास. बायकोनं दिलेले साबुदाणा वडे खाताना तो मुद्दाम हसत होता.

परतीला मुळशीपाशी मात्र माझी ट्यूब पेटली. हे पाणी खरं मुळा नदीचं, म्हणजे पुण्यातून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जायचं. पण टाटांचं धरण झालं (त्याच्याच विरोधात १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट वगैरे) आणि ते बोगद्यातून, मुंबईला वीज देणाऱ्या भिऱ्याच्या वीजघरात आणि तिथून कुंडलिकेत पडतं, तेही बारा महिने. मधे डोलवहालच्या बंधाऱ्यावर काही वळवतात, उरलेलं खाली. म्हणजे ऐन मे महिन्यात, बाकीच्या खाड्या खारट झालेल्या असताना, मुंबईत एसी सुरू झाले की इकडे गोडं पाणी! मग या खाडीचा उन्हाळा उन्हाळा म्हणायचा की नाही? भाच्याच्या प्रपोजलमध्ये हे नव्हतं, आता आहे, क्रेडिट अर्थातच मामाला नाही.

मेची फेरी बाकी आहे. भिऱ्याचं पाणी किती वाजता येतं हे कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना विचारून ठेवलंय, त्यांचा धंदाच त्यावर चालतो.