बाईंची इंग्रजी गाणी

आपल्या शाळेच्या समूहगानाबद्दल या स्मरणिकेत अनेक जण लिहितील. मला त्यातल्या फक्त इंग्रजी गाण्यांबद्दल लिहायचं आहे. परभणीतली मराठी माध्यमाची शाळा, आम्हाला ए-बी-सी-डी भेटायची ती पाचवीत. वृंदातली निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून यायची, आणि त्यांचा गळा तयार झालेला असायचा तो गावातल्या हरिपाठात. अशा मुलांकडून संगीताच्या बाईंनी इंग्रजी गाणी बसवून घेतली आणि ती मुलांनी गळा मोकळा सोडून गायली. आज मी इंग्रजी शिकवते, माझ्या शाळेचा गायनवृंद सांभाळते. दर वर्षी गाणं निवडायला बसले की कसोटी बाईंचीच लावते.

बाई गाण्याचे शब्द आधी कधीच देत नसत. पेटीवर चाल वाजवायच्या, मग शब्दांऐवजी नुसत्या 'आ'नं, म्हणजे आकारात, गाऊन दाखवायच्या. मधल्या सुट्टीत कोणी ती चाल गुणगुणताना दिसलं, तरच गाणं पुढे जायचं. मग त्या सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधायच्या. दोन्ही सूर वर्गातल्या सगळ्यांत लाजऱ्या मुलीला लागले पाहिजेत, हा त्यांचा नियम. चांगल्या गळ्याच्या दोघा-तिघांना झेपणारं गाणं वृंदाचं नव्हेच, असं त्या ठामपणे म्हणायच्या. मला हा नियम अजूनही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शेवटची परीक्षा शब्दांची. आपण मराठीत अक्षरं जवळजवळ सारख्या वजनानं उच्चारतो. इंग्रजी शब्दात मात्र एखाद्याच अक्षरावर जोर येतो, आणि तो भलत्या मात्रेवर पडला की ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. बाई इंग्रजीच्या सरांना शेजारी बसवून घ्यायच्या. सर ओळ वाचायचे, बाई मांडीवर ताल धरायच्या. जोराचं अक्षर आपसूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

या सगळ्या कसोट्यांना उतरलेलं पहिलं गाणं म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. त्याच्या चालीत सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर आहेत. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. म्हणजे आमच्या ओळखीच्या भूप रागाचेच स्वर. ते फिरवण्याची रीत अर्थातच वेगळी. ठेका तीन-तीन मात्रांचा, त्यामुळे तबल्यावरचा मुलगा दादरा तालाच्या अंगानं सहज साथ करायचा. 'अमेझिंग'मधला 'अ' समेच्या आधी येतो आणि जोराचा 'मे' बरोबर समेवर. मुखडा घेऊन समेवर यायची सवय मुलांना होतीच. चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून) मध्य पंचमापर्यंत फिरते, म्हणून बाईंनी षड्ज, म्हणजे 'सा', पेटीच्या पांढरी पाच या पट्टीला धरला. एरवी आम्ही पांढरी एकला गायचो. षड्ज इतका वर ऐकून आम्ही बिचकलो होतो, पण गाऊ लागल्यावर कुणाचाही गळा ताणला गेला नाही. त्रास दिला तो 'ग्रेस'च्या शेवटच्या 'स'नं. प्रत्येक जण आपापल्या वेळेला 'स' म्हणायचा आणि सापानं फूत्कार टाकावा तसा आवाज व्हायचा. बाई बोट वर धरायच्या, 'ए' लांबवायला लावायच्या आणि बोट मिटलं की सगळ्यांचा 'स' एकदम. एवढ्या एका अक्षरावर त्यांनी तालमीचा अख्खा तास घालवलेला आठवतो.

हे तर चर्चमधलं गाणं, अशी शंका एका पालकांनी काढली होती. बाईंनी ती टाळली नाही. ते लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता, पुढे धर्मोपदेशक झाला, हे गीत १७७९ साली छापलं गेलं आणि नंतर त्यानं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं, एवढं सगळं त्यांनी पालकांना आणि आम्हालाही सांगितलं. "पश्चात्तापाचा अभंग समजून गा," म्हणाल्या. हरिपाठ म्हणणाऱ्या मुलांना त्याहून जास्त सांगावं लागलं नाही.

'वुई शॅल ओव्हरकम' निवडलं ते १७ सप्टेंबरसाठी. मुक्तिसंग्राम दिनाला इंग्रजी गाणं कशाला, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं गेलं. "लेकरायला कळंल का तरी ते?" असं एका गुरुजींनी विचारलं, आणि त्यांची काळजी खरी होती. बाईंनी वर्गात हिंदीतलं 'हम होंगे कामयाब' आधी म्हणून घेतलं. ते सगळ्यांना पाठ होतं. त्याचं मूळ गाणं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर म्हटलेलं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे माझ्या वाचनात आलं की १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन इथल्या तंबाखू कारखान्याच्या संपात कामगारांनी, त्यातही कृष्णवर्णीय बायकांनी, ते गायलं होतं. त्यानंतर दोनच वर्षांत, १९४८ च्या सप्टेंबरात, निजामाचं राज्य संपून मराठवाडा मोकळा झाला. आमच्यातल्या काहींचे आजोबा त्या लढ्यात होते. बाईंची निवड किती नेमकी होती, ते मला तेव्हा उमगलं. गायला म्हणाल तर गाणं सोपं आहे: तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, भजनात टाळकऱ्यांनी उचलावी तशी. आणि 'ओव्हरकम'मधला जोराचा 'कम' समेवर पडतो.

दोन आवाजांत गाणं मात्र आम्हाला ठाऊकच नव्हतं. आपलं समूहगान एका सुरात चालतं. बाईंनी त्यासाठी 'रो, रो, रो युवर बोट' हे शिशुगीत निवडलं, आणि आठवीच्या मुलांना आधी ते बालिश वाटलं. पण एका गटानं पहिली ओळ संपवली की दुसऱ्यानं सुरुवात करायची, मग तिसऱ्यानं. चाल सगळ्यांना एकच पाठ, तरी कानावर तीन वेगवेगळे सूर एकदम पडतात आणि जुळतात. मी माझ्या वृंदाला स्वरमेळ आजही तिथूनच शिकवते.

हल्ली मुलं मोबाइलवरची नवी गाणी घेऊन येतात. मी ती ऐकते. बहुतेक एकट्या गायकाच्या गळ्यासाठी बांधलेली असतात, गळ्याच्या हरकती काढल्या की खाली फारसं उरत नाही. एखादं टिकतं, ते आम्ही घेतो. सहकारी शिक्षक नेहमी विचारतात म्हणून सांगते: शाळेतल्याच मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेशी संबंधित श्रोत्यांसमोर, म्हणजे विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्यासमोर, गाणं सादर केलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. तिकीट लावून बाहेर कार्यक्रम करायचा तर परवानगीचं बघावं लागतं.

सुवर्णमहोत्सवाच्या समारोपासाठी माजी विद्यार्थ्यांच्या वृंदाचं इंग्रजी गाणं निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी 'ऑल्ड लँग साइन' घेतलं. रॉबर्ट बर्न्सनं १७८८ मध्ये ते स्कॉट बोलीत लिहून काढलं. जुन्या मैत्रीचं गाणं, आणि चाल पुन्हा त्याच पाच स्वरांची. रवींद्रनाथांनाही ती इतकी भावली की तिच्यावर त्यांनी बंगालीत 'पुरानो शेई दिनेर कथा' रचलं. शब्द जुने आणि अवघड आहेत, म्हणून पहिलं कडवं आणि धृपद एवढंच गाऊ. षड्ज पांढरी चार. बायकांचे आवाज पुरेसे झाले आहेत. खालच्या सप्तकात गाणारे पुरुष कमी पडताहेत, तेव्हा जुन्या तुकड्यांतल्या मुलांनी कार्यालयातल्या वहीत नाव लिहून ठेवावं.