आषाढातली ड्युटी

आषाढ वद्य त्रयोदशी, रात्री

वहिनी काही वाईट बोलली नाही. तिचा तो स्वभावच नाही. वारीहून घरी पोचली की तिचा फोन येतो, तसा आला. पाय किती सुजलेत, वेळापूरला रात्रीच्या पावसात तंबू कसा आडवा झाला, वाखरीच्या रिंगणात घोडा किती जवळून गेला, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "तुझं राहिलंच बघ यंदाही. असू दे, नशिबातच असावं लागतं ते." मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला. तिच्यासाठी विषय तिथेच संपला असणार.

माझा संपेना. लोकलमध्ये दाराशी उभी असताना तेच डोक्यात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सिंकपाशी काचा धुताना तेच, रात्री कणीक मळताना तेच. नशिबात नाही म्हणजे नक्की काय? पांडुरंगाने मला वगळलं? मग मी इथे जे करते ते कुठल्या खात्यावर जमा होतं?

आमच्या तर दारावरून माऊली जाते. फलटणला विमानतळावर तळ पडायचा त्या दिवशी आई मध्यरात्रीच चूल पेटवायची. पिठलं, भाकरी, खर्डा. आजी ओट्यावर बसून येईल त्या वारकऱ्याच्या पाया पडायची, लहान-मोठा बघायची नाही, आणि तो वाकून तिच्या पाया पडायचा. तेव्हा मला वाटायचं, मोठं झालं की वारीला सगळेच जातात. जशी दहावी होते, लग्न होतं, तशी वारी होते. ती न होता माणूस म्हातारा होऊ शकतो हे मनातसुद्धा आलं नव्हतं. आई गेल्यावर तिची माळ वहिनीने घेतली, कारण ती चालते. बरोबरच आहे. ते जाऊ दे.

आणि मला मिळालं काय, तर आषाढ. मुंबईत आषाढ म्हणजे तापाचा महिना. पाऊस सुरू होतो, पाणी साचतं, डास होतात. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात तयार व्हायला दहाएक दिवस घेतो, मग माणसात ताप यायला साधारण तेवढेच. हिशेब असा बसतो की पालखी घाट चढत असते तेव्हा आमच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. मलेरिया, डेंगी, आणि गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्यांचा लेप्टो. वॉर्डातले मामा ट्रे भरभरून रक्ताच्या ट्यूब आणतात. या दिवसांत रजेचा अर्ज टाकणं म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या डोक्यावर माझा ट्रे ठेवणं. ते माझ्याने होत नाही. कोणी अडवलेलं नाही मला, माझंच मन धजत नाही.

म्हणून तर वहिनीचं बोलणं जास्त लागलं. नशीब म्हटलं की माझं हे न धजणं कुठे मोजलंच जात नाही.

एकादशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट लिहून ठेवते, कारण याच्याशी तिचा काहीतरी संबंध आहे असं सारखं वाटतंय.

वॉर्डातून एका कॉलेजातल्या मुलाचं रक्त आलं. मशीनने प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, दाखवल्या 14,000. हा आकडा पाहिला की कोणाचेही हातपाय गळतात. वॉर्डात कळलं, नातेवाइकांना कळलं, आणि पाच मिनिटांत त्याचे वडील जिन्यात उभे राहून दिसेल त्याला फोन करत होते, रक्तपेढीत कोण ओळखीचं आहे का म्हणून. काका किवी आणायला पळाले. कोणीतरी पपईच्या पानांचा रस सांगितला. पावसाळ्यात हे आम्ही रोज बघतो.

पण सिस्टर म्हणाली, मुलाच्या अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, उठून डबा खातोय. तेव्हा मी भिंगाखाली बघायला त्या रक्ताची काच करायला घेतली. काचेवर छोटा थेंब, दुसऱ्या काचेची कड तिरकी धरून त्याला लावायची, थेंब कडेला पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे न्यायचं. हात थरथरला तर रक्त लाटा लाटांनी पसरतं, जास्त दाबलं तर सगळ्या पेशी टोकाला जाऊन बसतात. नीट झालं की ते पातळ होत होत आपोआप संपतं. वाळली की लेशमनचा रंग, वर बफरचं पाणी, मग वाट बघायची, मग धार सोडून काच गुलाबी दिसेपर्यंत धुवायची. हे सगळं घाईत करता येत नाही. बाहेर बाप रडत असला तरी रंगाला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली बघितलं तर मधल्या भागात प्लेटलेट खरंच कमी. काच सरकवत टोकाकडे नेली आणि तिथे त्या सापडल्या, भिजवलेला साबुदाणा चिकटून गोळे व्हावेत तशा, पुंजक्या-पुंजक्यांनी. काही माणसांच्या रक्तात असं होतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं, त्यानेच त्यांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन त्या पुंजक्याला प्लेटलेट समजत नाही, मोजत नाही, आकडा पाडते. आजार शरीरात नसतोच, तो ट्यूबमध्ये तयार झालेला असतो.

निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त मागवलं. आल्या आल्या मशीनला लावलं, त्यात सायट्रेटचं पाणी मिसळलेलं असतं तेवढं गणित वर धरलं. 1,70,000. व्यवस्थित. तापाचं कारण डॉक्टर शोधतीलच, पण रक्तस्रावाची भीती नव्हती आणि प्लेटलेटच्या पिशव्यांची गरज नव्हती. त्या दुसऱ्या कोणाला तरी मिळाल्या असतील, ज्याला खरंच हव्या होत्या.

रिपोर्ट हातात घेऊन मी स्वतःच गेले, फोन लागत नव्हता. निवासी डॉक्टरने वाचला आणि जिन्यात जाऊन वडिलांना सांगितलं. तो माणूस भिंतीला टेकला. समोर कॅलेंडर होतं, विठ्ठल-रखुमाईचं, कुठल्यातरी मेडिकलवाल्याने दिलेलं. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "पांडुरंगा, वाचवलंस रे." मी त्याच्या मागेच उभी होते. मग मी खाली आले, पुढचा ट्रे वाट बघत होता.

आता मला कोडं पडलंय ते असं. त्या बापाने माझ्याकडे बघितलं नाही, सगळं श्रेय पांडुरंगाला देऊन टाकलं, त्याचं मला तिळमात्रही वाईट वाटलं नाही. उलट जिना उतरताना हलकं वाटत होतं. दिवसभर पाठ दुखत होती ती थांबली असं नाही, पण तिचं काही वाटेना. आणि वहिनीने नुसतं "नशिबात असावं लागतं" म्हटलं तर रात्रीची झोप गेली. म्हणजे मला कौतुक हवं होतं असं नाही. मग काय हवं होतं?

मला वाटतं, बापाने मला पांडुरंगाच्या बाजूला धरलं होतं. नकळत. माझे हात त्याच्या हिशेबात पांडुरंगाचेच होते, वेगळे मोजायची त्याला गरज वाटली नाही. आणि वहिनीने मला दाराबाहेर उभं केलं. तेही नकळतच. ते दार माझ्या माहेरचं आहे म्हणून जास्त लागलं.

(माळेचं मी वर "ते जाऊ दे" असं लिहिलंय. अजून गेलेलं नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.)

कोणी म्हणेल, एवढं काय, कर्म हीच पूजा. आमच्या ऑफिसाबाहेर त्याची पाटीच आहे. ती पाटी मला कधीच आवडली नाही. रजा नाकारताना, जास्तीची पाळी लावताना, माणसं कमी आहेत हे झाकताना लोक त्या पाटीकडे बोट दाखवतात. ज्याने राबवून घ्यायचं त्याने हे वाक्य म्हणू नये. राबणाऱ्याला ते कधी आतून उमगलं तर गोष्ट वेगळी.

सावता महाराजांना ते आतून उमगलं होतं. उद्या त्यांची पुण्यतिथी. अरण काही पंढरपूरपासून लांब नाही, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. तरी ते मळा सोडून गेले नाहीत असंच आपण ऐकत आलोय. कांदा, मुळा, भाजी हीच त्यांची विठाबाई. आणि संप्रदायाने त्यांना बाहेर ठेवलं का? नाही. आषाढी झाली की पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला जाते, सावता महाराजांच्या भेटीला. साऱ्या संतांच्या पालख्या देवाकडे येतात आणि या एका माळ्याकडे देव जातो. हे मी लहानपणापासून ऐकलंय, पण यंदा ते ऐकताना जीव थोडा सैल झाला. सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी सावतोबांनाही म्हणालं असेल, नशिबातच असावं लागतं.

आणि पुंडलिक. तो तर देव दारात आला तरी आईबापाची सेवा सोडून उठला नाही. वीट फेकली, यावर थांब म्हणाला. देव थांबला, अजून उभा आहे. सगळी वारी ज्याच्यामुळे, त्याने देवाला हातातलं काम होईपर्यंत थांबवलं होतं. याचा अर्थ वहिनी दरवर्षी अडीचशे किलोमीटर चालून कोणाच्या दारात जाते, तर काम न सोडणाऱ्या माणसाच्या.

पण याचा आधार घेऊन वारी गेली उडत असं मी म्हणणार नाही. सावतोबांचा मळा त्यांचा होता, माझं टेबल माझं नाही, पगार घेते मी त्याचा. आणि मला जायचंय. टाळ-मृदंगाच्या मागे, पायात चिखल घेऊन, कोणाच्या तरी ओट्यावर पिठलं-भाकरी खाऊन जायचंय. ही ओढ खोटी पाडून मला समाधान नको.

एक गोष्ट मात्र कीर्तनात सांगतात तशी मला जमत नाही. काम करता करता नाम घ्यावं म्हणतात. काचा धुताना घेते, ट्यूबवर नंबर टाकताना घेते. भिंगाखाली बघताना घेत नाही. मलेरिया नाही असं लिहायच्या आधी काचेवरच्या जाड थेंबाची निदान 100 फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा एकेक भाग, बघायची असतात, आणि तो जंतू कधी कधी एकाच फील्डमध्ये असतो, बारीक अंगठी, त्यावर लाल टिकली. लक्ष इकडचं तिकडे झालं की ती निसटते. तेव्हा मी कोण, माझी माळ कोणाकडे, मला कोण काय म्हणालं, यातलं काहीच शिल्लक नसतं. नामसुद्धा नसतं. डोळा वर केला की एकदम आवाज ऐकू यायला लागतात आणि कळतं की मघापासून आपण इथे नव्हतो. आई हरिपाठानंतर जशी थोडा वेळ गप्प बसून राहायची, तशी त्या वेळी मी असते. हे वहिनीला कसं सांगू? ती म्हणेल, नोकरी आहे ती. आहेच.

लिहिता लिहिता 2020 आठवलं. त्या वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, रस्ता रिकामा होता, फलटणचा तळ ओस. वहिनी घरात बसून रडत होती. मी कोविडच्या किटमध्ये घामाने भिजून घरी आले होते, तिचा फोन आला तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. ती म्हणाली, "आमचं तर यंदा काहीच नाही गं. तू तरी तिथे आहेस." तिला ते आठवत नसेल आता. मला इतके दिवस आठवलं नाही याचंच नवल वाटतंय. चालणं बंद झालं तेव्हा तिलाही दिसलं होतं की मी कुठे उभी आहे. चालायला लागल्यावर ते विसरणं साहजिक आहे, रस्त्यावर एवढी गर्दी असते.

तिच्यावरचा राग गेला बहुतेक. पाय शेकून घे म्हणून सांगायचं राहिलं, मीठ टाकून कोमट पाण्यात.

वाऱ्या चार असतात हेही मी विसरूनच गेले होते. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. आपण आषाढीलाच धरून बसतो. कार्तिकीपर्यंत आमच्याकडे तापाची शेपटी असते, डेंगी काही इतक्या लवकर आवरत नाही. पण माघात लॅब थंड असते. दुपारी चहा गरम असताना पिता येतो असा तो एकच काळ. माघ शुद्ध दशमी, एकादशी आणि द्वादशीची रजा मी सोमवारीच टाकणार आहे. इन्चार्ज मॅडम म्हणतील, आत्तापासून? तर हो, आत्तापासून. तोवर नवी मुलगी काच नीट ओढायला शिकलेली असेल, परवा तिच्या हाताखालून दोन अगदी छान निघाल्या.

वहिनीला विचारते येतेस का. येताना अरणला जाऊ म्हणावं, मळा बघायचाय मला.