तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचे ते आजोबा कोण?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहा होईपर्यंत भिंतीकडे बघत बसतो आणि मग विचारतोच, "हे आजोबा कोण? तुमच्या नात्यातले?" काळापांढरा फोटो, अंगानं साधा, म्हातारा चिनी माणूस. नात्यातले कसे असतील! पण आमच्या अंगणात सकाळी साडेपाचला जी सात-आठ पोरं येतात, त्यांच्यापर्यंत ताय ची ही चिनी युद्धविद्या पोचली ती या माणसाच्या अंगणातून. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्यांचं नाव चेन झाओपी. जन्म 1893 चा. गाव चेनजियागोऊ, चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला. 'गोऊ' म्हणजे घळ. चेन घराण्याची घळ, असं ते गाव. सतराव्या शतकात याच गावातल्या चेन वांगटिंग यांच्यापासून ताय चीची चेन परंपरा सांगितली जाते. जगभर बागांमधून म्हातारी माणसं सावकाश हात फिरवताना दिसतात, ती बहुतेक यांग शैली असते. तिचे मूळपुरुष यांग लुचान एकोणिसाव्या शतकात याच गावात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले होते.

झाओपींची गोष्ट सांगणारे सहसा 1928 पासून सुरुवात करतात. त्या वर्षी ते बीजिंगला गेले. तिथे उघड्यावर लढतीचा मंच उभारून त्यांनी आव्हान दिलं, सतरा दिवस जो येईल त्याच्याशी लढले आणि हरले नाहीत, असं परंपरेत सांगतात. आमच्या पोरांना हाच भाग सगळ्यात आवडतो. मला त्यानंतरचा आवडतो. नानजिंगहून शिकवायला या म्हणून बोलावणं आलं, तेव्हा बीजिंगमधले विद्यार्थी उघड्यावर पडू नयेत म्हणून त्यांनी गावाकडून आपले काका चेन फा-के यांना बोलावून घेतलं. ज्या शहरानं आत्ता कुठे आपलं नाव घ्यायला सुरुवात केली, तिथं आपल्यापेक्षा वरचढ माणूस आणून बसवायचा, याला फार मोठं मन लागतं. फा-के पुढे 1957 मध्ये वारले, तोवर बीजिंगमध्येच शिकवत राहिले. हे तुम्ही लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग युद्ध आलं. मी स्वतः पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली, त्यामुळे या काळाबद्दल वाचताना माझं लक्ष नदीकडेच जातं. जून 1938 मध्ये जपानी फौजेची वाट अडवण्यासाठी चिनी सरकारनं स्वतःच हुआयुआनकोऊजवळ पीत नदीचा बांध फोडला. पाणी दक्षिणेकडे पसरलं, लाखो माणसं गेली. चेनजियागोऊ उत्तरेला, म्हणून त्या पुरातून वाचलं. पण 1942-43 च्या दुष्काळानं हेनानला सोडलं नाही. पुढं झाओपींनी नोकरी धरली ती याच नदीचं काम बघणाऱ्या खात्यात. बांध, पूर, कागद. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोटोसमोर बराच वेळ उभा होतो.

1958 मध्ये ते निवृत्त होऊन गावी परतले. वय पासष्ट. आणि गावात पाहिलं तर विद्या जवळजवळ संपलेली. जुने जाणते गेलेले, तिशी-चाळिशीतले पोटामागे, पोरांना काहीच येत नाही. एक गोष्ट मला इथे स्पष्ट बोललीच पाहिजे. गाव रिकामं करणाऱ्यांत ते स्वतःही होते. चांगले शिकवणारे शहरांनी ओढून नेले. बीजिंगला एक, नानजिंगला एक. त्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्याच घरात शिकवायला सुरुवात केली. आणि कधी, तर पुढच्याच वर्षापासून तीन वर्षं चीनमध्ये भीषण उपासमार झाली आणि हेनान तिची सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता, तेव्हा. उपाशी पोराला गुडघे वाकवून, पाय फाकवून उभं राहा म्हणायचं, याचा विचार मी कधीकधी रात्री करतो.

ते शिकवत होते तो संच 'लाओजिया', म्हणजे जुनी चौकट. सत्तरहून जास्त हालचाली, एकीतून दुसरी निघणारी. त्यातली पहिली मुख्य हालचाल मी तुम्हाला अंगणातच दाखवतो, ती बघा. वजन डाव्या पायावर घ्यायचं. उजवा गुडघा वर येतो, त्याच्याबरोबर उजवी मूठही. मग मूठ खाली डाव्या तळव्यात पडते आणि त्याच क्षणी उजवं पाऊल जमिनीवर. धप्प. नवी पोरं पाय आपटतात. आमचे पुण्यातले सर, जे झाओपींच्या शिष्यांपैकी एकाच्या शिष्याकडे शिकले, एकच सांगायचे: "पाय आपटायचा नाही, सोडायचा." कंबर सैल असेल तर पाऊल आपल्या वजनानं येतं आणि ओल्या मुरुमात सबंध उमटतं, टाच-बोटं एकसारखी. आपटलेलं पाऊल फक्त टाचेशी खोल जातं. त्यामुळे पोरं गेल्यावर मी अंगण झाडायच्या आधी पावलं बघतो. कोण शिकतंय आणि कोण नुसतं येतंय, ते तिथं लिहिलेलं असतं.

या हालचालीचं नाव 'जिनगांग दाओ द्वेई'. जिनगांग म्हणजे आपलं वज्र. बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेली कल्पना, वज्र हाती धरणारा रक्षक. तो वज्रधर उखळात मुसळ घालतोय, असं ते नाव. तळवा उखळ, मूठ मुसळ. हे सांगितल्यावर आमच्या गावातल्या बायकांना जितकं पटकन समजतं, तितकं कुणालाच समजत नाही.

"इतकं हळू करून भांडण कसं करणार?" हाही प्रश्न येतोच. चेन शैली सगळी हळू नसते. सावकाश चाललेल्या हातातून मध्येच फटकारा सुटतो, आणि याच परंपरेतला दुसरा संच, 'पाओछुई', तर बराचसा वेगवानच आहे. पण मुळाशी आहे ते 'चानसी', रेशीम गुंडाळणं. कोषातून धागा काढताना हिसका दिला तर तुटतो, थांबलात तर गुंततो. तसा जोर टाचेपासून कमरेतून बोटांपर्यंत पिळत पिळत, न तुटता न्यायचा. तो धागा वेगात तपासता येत नाही. हळू केल्यावरच कळतं, खांद्यात कुठे तुटला ते.

आता अवघड भाग. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुनं ते सगळं गुन्हा ठरलं. त्यात ही विद्या आली आणि ती शिकवणारेही आले. सत्तरी ओलांडलेल्या झाओपींना लोकांसमोर उभं करून त्यांची मानखंडना केली गेली. ते सहन न होऊन त्यांनी विहिरीत उडी घेतली, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. ते वाचले, पाय मात्र जखमी झाला. पोरांना हे सांगावं की नाही, यावर मी बरीच वर्षं घुटमळलो. मग एका वर्षी सांगितलं. कारण न सांगता पुढचं सांगितलं तर ते खोटं पडतं. पुढचं असं की ते पुन्हा शिकवू लागले. लपूनछपून, रात्रीचं. दिवसा शेतात राबून आलेली पोरं अंधारात त्यांच्याकडे यायची.

सतरा दिवसांच्या त्या मंचावर त्यांच्या बाजूला तारुण्य होतं, बघायला गर्दी होती, पुढे नाव होतं. त्या रात्रींना यातलं काही नव्हतं. म्हणून माझ्या लेखी त्यांचं थोरपण तिथं आहे.

त्या पोरांपैकी चौघांची नावं आज ताय ची करणारा कुणीही सांगेल: चेन श्याओवांग, चेन झेंगलेई, वांग शीआन, झू त्येनत्साई. श्याओवांग हे फा-के यांचे नातू, झेंगलेई झाओपींचे पुतणे. उरलेल्या दोघांचं आडनावही चेन नाही. घराण्याची म्हणून शतकानुशतकं जपलेली विद्या, पण वेळ आली तेव्हा त्यांनी दारात येईल त्याला दिली. या चौघांना तिकडे 'चार जिनगांग' म्हणतात, चार वज्रधर. पुढे हे चौघे देशोदेशी शिकवत फिरले. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोनं ताय चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. आम्ही दोघंही फार काही बोललो नाही.

झाओपींनी यातलं काहीच पाहिलं नाही. 1972 च्या डिसेंबरात ते गेले, एकोणऐंशीव्या वर्षी. तेव्हा चौघंही विशी-तिशीचे, शिकणं अर्ध्यावर. गुरू गेला की बहुतेक ठिकाणी तिथंच थांबतं. चेनजियागोऊनं बीजिंगला निरोप धाडला. तिथं फा-के यांचा मुलगा होता, चेन झाओकुई. साडेचार दशकांपूर्वी झाओपींनी ज्या काकांना गावातून बीजिंगला बोलावून घेतलं होतं, त्यांचाच मुलगा आता विद्या घेऊन गावी आला. त्यानं आणलेला संच वेगळा होता, 'शिनजिया', नवी चौकट. पिळे जास्त, फटकारे जास्त. इतकी वर्षं घोटलेली चौघं पोरं त्याच्यापुढे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्यासारखी उभी राहिली. सुरुवातीची हालचाल मात्र तीच होती. वजन डाव्या पायावर, उजवा गुडघा वर, मूठ तळव्यात, आणि पाऊल खाली.