सोलापूर, शोलापूर आणि प्रायमरी की

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला कॉम्प्युटरचा पेपर होता. त्यात आधी चौकोनांत हिशेब मांडायचं एक्सेल आणि मग ॲक्सेस, म्हणजे माहितीची टेबलं सांभाळणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर. माझ्या मते सगळा घोळ या क्रमातच आहे. एक्सेलवर जीव जडल्यावर ॲक्सेस कुणाला आवडणार?

एक्सेल तुम्हाला काही विचारत नाही. फाइल उघडा, कुठल्याही चौकोनात काहीही लिहा. ट्रायल बॅलन्स जुळेना म्हणून खोडरबरानं पानाला भोक पाडणाऱ्या कॉमर्सच्या पोरांना, वरचा एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते, हे बघून भरून आलं होतं. मुळात ही कल्पनाच खोडाखोडीतून सुचलेली. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. तिथले प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचं कोष्टक मांडत आणि मधला एखादा आकडा बदलला की पुढचं सगळं पुसून पुन्हा लिहीत. ते बघून त्यानं बॉब फ्रँकस्टनच्या साथीनं व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर तयार केलं. 1979 साली ते ॲपल टू कॉम्प्युटरवर आलं. एक्सेल त्यानंतरचं, 1985 सालचं, आणि तेही आधी मॅकिंटॉशवर.

आमच्या लॅबमध्ये नमुन्याला चादरी-टॉवेलच्या दुकानाची विक्री असायची. सोलापुरात दुसरं काय असणार! टॅक्सचा दर एका सेलमध्ये, म्हणजे चौकोनात, लिहायचा, फॉर्म्युला खाली ओढायचा, आणि पहिली ओळ सोडून सगळीकडे शून्य. मग सर म्हणायचे, "फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह कुठाय? डॉलर म्हणजे खिळा. ठोकला की सेल जागचा हलत नाही." ज्यांना डॉलर समजला त्यांना एक्सेल समजलं, बाकीच्यांनी पाठ केलं. पूर्व भागातून, म्हणजे विणकरांच्या वस्तीतून, येणाऱ्या एका मैत्रिणीनं मात्र आकडे बाजूला ठेवून चौकोनांत रंग भरले आणि चक्क मयूरपंखी चादरीचा काठ उतरवला. तिच्या घरी जकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, डिझाइन ग्राफ पेपरवर असंच एकेक चौकोन भरून काढायचे. तिला मार्क मिळाले नाहीत. मिळायला हवे होते.

एक्सेल विचारत नाही, पण मनानं ठरवतं. सोलापूरचा एसटीडी कोड 0217 लिहिला की पुढचं शून्य गिळून 217 दाखवतं. घर नंबर 3/4 लिहा, त्याची 3 एप्रिल होते. या खोडीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. मानवी जनुकांपैकी काहींची नावं 'मार्च 1', 'सेप्ट 1' अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी 2020 साली नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा सॉफ्टवेअर होतं तसंच राहिलं, माणसाच्या जनुकांना नमतं घ्यावं लागलं.

मग ॲक्सेस आलं. हे म्हणजे दारातच चौकशी. टेबलचं नाव काय, रकाने कोणते, त्यात आकडा येणार की मजकूर की तारीख, आणि प्रायमरी की, म्हणजे ज्यावरून प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची तो रकाना, कोणती? अजून एक अक्षर लिहिलेलं नाही तोवर एवढे प्रश्न. वर्गातल्या मुलांचीच यादी करायची होती, म्हणून आम्ही 'नाव' या रकान्याला प्रायमरी की केलं. पहिला सिद्धाराम सुखरूप आत गेला. दुसऱ्याला ॲक्सेसनं अडवलं, हे नाव आधीच आहे म्हणून.

ग्रामदैवत सिद्धेश्वर असलेल्या गावात ही अट चालायचीच नाही. इथं वर्गात सिद्धाराम, सिद्राम, सिद्रामप्पा आणि सिद्धेश्वर एकाच बाकावर बसतात. शिवाय मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांच्या या शहरात इंग्रजी स्पेलिंग ज्याचं त्याचं. कुणी एक डी घालतो, कुणी दोन. कुणाचा एच असतो, कुणाचा गळतो. म्हणजे दोन माणसं एका नावाची आणि एकच माणूस दोन नावांचा, अशा दोन्ही अडचणी. गावाच्या रकान्याचीही तीच तऱ्हा: सोलापूर, शोलापूर, सोलापुर, आणि शेवटी चुकून स्पेस पडलेलं सोलापूर. त्यातली काही आपल्याला एक दिसतात, पण एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे गावनिहाय बेरजेच्या तक्त्यात, तीन-चार शहरं वसतात.

यावर डेटाबेसचा उपाय असा: प्रत्येकाला एक नंबर द्या, ओळख नंबरावरून, नाव नुसतं सोबतीला. गावांचं टेबल वेगळं, सोलापूर एकदाच लिहायचं. एवढंच ते. याच्या मागचा विचार एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं 1970 साली एका निबंधात मांडला होता. माहिती कुठे ठेवली आहे हे ठाऊक नसताना, ती काय आहे एवढ्यावरून मागता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एक्सेलला आपण 'सी 7 मधला आकडा' मागतो. डेटाबेसला 'अक्कलकोटच्या गिऱ्हाइकांची उधारी' मागायची.

चाटी गल्लीत मामांचं चादरींचं दुकान आहे. तिथल्या दिवाणजींना मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "हे शिकवायला कॉलेज लागतंय होय?" आणि कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, पुढे सरकवली. प्रत्येक नोंदीशेजारी 'खा. पा.' (खाते पान) असा बारीक रकाना, त्यात खतावणीचा, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याला वेगळं पान असलेल्या वहीचा, पान नंबर. नाव कसंही लिहिलेलं असो, पान नंबर एकच. हाच रकाना मी अकरावीत मार्कांसाठी निमूट भरत आले होते. खतावणीत 'सिद्धाराम कुंभारीवाले', 'सिद्धाराम टॉवेलवाले' आणि 'सिद्धाराम (उशिरा देणारे)' अशी वेगवेगळी पानं. बिलं शिल्लक असताना डेटाबेस गिऱ्हाइकाचं नाव खोडू देत नाही, हेही सांगून पाहिलं. "बाकी असताना खातं बंद कसं होईल, पोरी?"

तरी जग चालतं एक्सेलवरच. 2020 साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतले जात होते. तिची मर्यादा 65,536 ओळींची. ती संपली आणि 15,841 रुग्ण वेळेवर यादीत आलेच नाहीत. म्हणजे त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायलाही उशीर. नव्या फाइलमध्ये दहा लाखांवर ओळी मावतात, पण मुळात ते काम डेटाबेसचं.

हे सगळं मी मामेभावाला ऐकवलं. दुकान आता तो बघतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत बाहेरगावची गिऱ्हाइकं वाढतात, त्यांची यादी त्याला नीट करून हवी होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, पटलं. पण एक्सेलमध्येच बसव ना." त्याच्या कॉम्प्युटरवर ॲक्सेस नाहीच. मग गिऱ्हाइकं एका शीटवर नंबर देऊन, बिलं दुसऱ्या शीटवर, आणि मधे व्हीलुकअप, म्हणजे नंबरावरून दुसऱ्या शीटवरची माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला. त्याला एवढंच बजावलंय की फॉर्म्युल्याच्या शेवटी 'फॉल्स' लिहिल्याशिवाय कंस बंद करायचा नाही. नाहीतर ते अंदाजानं जुळवतं, आणि कुंभारीच्या सिद्धारामचं बिल टॉवेलवाल्याच्या घरी जातं.